मंदीचा आकडा आणि विरोधकांचा प्रश्न : एक पार्श्वभूमी

सप्टेंबर २०१९च्या सुरुवातीला दिल्लीतल्या न्यायालयाच्या आवारातून माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांना सीबीआयच्या पहाऱ्यात नेलं जात होतं. पत्रकारांनी कोठडीबद्दल विचारलं. चिदंबरम यांनी हाताची पाच बोटं वर केली आणि ‘पाच टक्के’ एवढंच म्हणाले. चारच दिवसांपूर्वी, ३० ऑगस्टला, एप्रिल ते जून तिमाहीचा विकासदर जाहीर झाला होता. तो ५ टक्के होता, सहा वर्षांतला सर्वांत कमी. कोठडीतल्या राजकारण्याने स्वतःबद्दल न बोलता जीडीपीचा आकडा दाखवावा, यात नाट्य होतंच. पण विरोधी बाकांवरच्या एका फार जुन्या सवयीचं ते ताजं रूपही होतं.

आपल्याकडे आर्थिक पडझडीच्या काळात सरकारला जाब विचारणं म्हणजे बहुतेक वेळा आकड्यावरून भांडणं. किती लोक बेकार झाले, किती नोटा परत आल्या, माणूस दिवसाला किती पैशांत जगतो, असे ते प्रश्न. अडचण ही की हे आकडे गोळा करणारी यंत्रणा सरकारच्याच हाती असते. विरोधकाकडे ना नमुना पाहणी, ना महसूल खात्याच्या नोंदी. त्यामुळे त्याचं भाषण कितीही गाजलं तरी खरी कमाई तेव्हाच होते, जेव्हा सरकारला सभागृहात एखादा आकडा लेखी द्यावा लागतो, किंवा ‘असा आकडा आमच्याकडे नाही’ असं कबूल करावं लागतं. गेल्या सव्वाशे वर्षांतले गाजलेले प्रसंग एकापुढे एक ठेवले की हे स्पष्ट दिसतं.

सुरुवात कलकत्त्यातून, तेव्हाच्या राजधानीतून, करावी लागते. १८९२च्या कायद्याने विधिमंडळातल्या सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार पहिल्यांदा मिळाला, तोही हात राखूनच. आधी नोटीस द्यायची, मिळेल ते उत्तर ऐकून घ्यायचं, त्यावर पुरवणी प्रश्न विचारायचा नाही. अर्थसंकल्पावर वर्षातून एकदा बोलता यायचं, मतदानाचा हक्क मात्र नव्हता. म्हणजे सरकारला हरवण्याची शक्यताच नव्हती. २६ मार्च १९०२ रोजी अशा सभागृहात गोपाळ कृष्ण गोखले आपल्या पहिल्या अर्थसंकल्पी भाषणाला उभे राहिले. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होते आणि अर्थखातं सर एडवर्ड लॉ यांच्याकडे होतं. तिजोरीत सुमारे सात कोटींची शिल्लक दिसत होती, एवढी शिल्लक त्याआधी कधीच पडली नव्हती. इतर सदस्यांनी अभिनंदन केलं. गोखल्यांनी सांगितलं की या अभिनंदनात मनापासून सामील होणं मला जमणार नाही.

तो काळ कसा होता ते लक्षात घ्यायला हवं. १८९६पासून मुंबई इलाख्यात प्लेग ठाण मांडून बसला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ येऊन गेले होते. गुजरात-राजस्थानात दुसऱ्या दुष्काळाला संवत १९५६वरून ‘छप्पनिया’ म्हणत. लोक मरत असताना तिजोरी भरते कशी, हा गोखल्यांचा प्रश्न. त्याचं उत्तरही त्यांनीच दिलं, आणि ते भावनेला हात न घालता दिलं. चांदीचा भाव पडत गेला तसा चांदीचा रुपया घसरला आणि इंग्लंडला पौंडांत पाठवायचा खर्च रुपयांत वाढत गेला. ही तूट भरायला १८८०च्या दशकात कर वाढवले गेले. १८८८मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे १८९३मध्ये टांकसाळींत लोकांच्या चांदीची नाणी पाडून देणं बंद झालं, रुपया कृत्रिमरीत्या महाग करण्यात आला आणि १६ पेन्सवर स्थिरावला. पौंडांतला खर्च आता कमी रुपयांत भागू लागला. मग ज्या कारणासाठी कर वाढवले ते कारणच उरलं नाही, तरी कर तसेच का? गोखल्यांच्या मते ही शिल्लक भरभराटीची खूण नव्हती. रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल झालेला तो पैसा होता.

हा युक्तिवाद एकट्या माणसाने रात्रीत रचलेला नव्हता. सोलापूरला शाळेचे हेडमास्तर राहिलेले गणेश व्यंकटेश जोशी यांचा गोखल्यांना मोठा आधार होता. सरकारी अहवालांतली कोष्टकं उलगडून त्यातून अर्थ काढण्यात जोश्यांचा हात धरणारं त्या काळात फारसं कोणी नव्हतं. जोशी आणि त्यांच्याआधी न्यायमूर्ती रानडे यांनी गोखल्यांना घातलेली शिस्त एकच होती: सरकारशी भांडायचं ते सरकारनेच छापलेल्या आकड्यांनी. दादाभाई नौरोजींनी दरडोई वार्षिक उत्पन्नाचा हिशेब मांडला तेव्हा तो साधारण २० रुपये निघाला होता. सरकारने १८८२च्या सुमारास तो २७ रुपये सांगितला, आणि कर्झनने १९०१मध्ये ३० रुपये. पुढे साठ वर्षांनी लोकसभेत जे भांडण होणार होतं त्याची ही पहिली फेरी म्हणावी लागेल.

परिणाम काय झाला? १९०३च्या अर्थसंकल्पात मिठावरचा कर दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. १९०५मध्ये मीठकर दीड रुपया झाला, १९०७मध्ये एक रुपया. याचं सगळं श्रेय भाषणाला देणं भाबडेपणाचं होईल, कारण तिजोरीत पैसा होता म्हणून सरकारला हे परवडलं. पण मत द्यायचा अधिकार नसलेल्या सदस्याच्या हिशेबाची दखल साम्राज्याच्या अर्थखात्याला घ्यावी लागली, एवढं नक्की. मीठकराच्या या चढउताराकडे पाहिलं की १९३०ची दांडीयात्रा अचानक उगवलेली नव्हती हेही कळतं.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नोत्तराचा तास हे रोजचं काम झालं. सकाळी अकरा ते बारा मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तरं द्यायची. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी पटलावर येतं. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकितचा दबदबा पुरवणीत आहे. मंत्र्याच्या हातातला कागद संपतो आणि त्याला खातं किती ठाऊक आहे ते उघडं पडतं. अतारांकित प्रश्नाला टीव्हीवर कोणी विचारत नाही, पण आकडे बहुतेक तिथूनच बाहेर पडतात.

१९५७-५८ हे स्वतंत्र भारतात उत्पादन घटलेलं पहिलं वर्ष. परकीय चलन आटलं होतं, पीक कमी आलं होतं, दुसऱ्या योजनेची छाटणी सुरू होती. गंमत अशी की त्या वर्षी सरकारला सर्वांत जास्त घाम फोडणारा प्रश्न विरोधी बाकांवरून आलाच नाही. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर का घेतले, हे प्रकरण डिसेंबर १९५७मध्ये लावून धरलं ते काँग्रेसच्याच फिरोझ गांधींनी. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे गेली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. पक्षादेश मोडल्यास सदस्यत्व जाण्याचा कायदा १९८५मध्ये आला. त्यानंतर सत्ताधारी बाकांवरचा कोणी स्वपक्षाच्या अर्थमंत्र्यामागे असा हात धुऊन लागल्याचं उदाहरण शोधावंच लागतं.

आता १९६३. या वर्षाला मंदीचं वर्ष म्हणता येत नाही, पण चीन युद्धानंतर कर वाढले होते, संरक्षणखर्च फुगला होता आणि महागाई जाणवू लागली होती. आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर पहिला अविश्वास प्रस्ताव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. ते होणारच होतं. लक्षात राहिलं ते २१ ऑगस्टचं डॉ. राममनोहर लोहियांचं भाषण. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून ते नुकतेच लोकसभेत आले होते. त्यांनी सांगितलं की देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात (सोळा आणे म्हणजे एक रुपया). त्याच्या जोडीला पंतप्रधानांवर रोजचे पंचवीस हजार रुपये खर्च होतात आणि त्यांच्या कुत्र्यावर तीन रुपये, अशी बोचरी तुलनाही होती. वर्तमानपत्रांनी कुत्रा उचलला. खरा वाद मात्र आण्यांचा होता.

नेहरूंनी उत्तर दिलं की सरासरी माणूस दिवसाला पंधरा आणे मिळवतो. काही दिवसांनी नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदांनी साडेसात आण्यांचा आकडा पुढे केला. म्हणजे एकाच सरकारच्या दोन तोंडांतून दोन आकडे आले आणि दुसरा पहिल्याच्या निम्मा. नेहरूंचा हिशेब चुकलेला नव्हता. राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागून ३६५ने भागलं की तेवढेच येतात. लोहियांचं म्हणणं होतं की या भागाकारात गिरणीमालक आणि भूमिहीन मजूर एकाच रांगेत बसवले आहेत. वरची माणसं बाजूला काढा आणि खालच्या साठ टक्क्यांचं काय ते सांगा. त्यांच्या तीन आण्यांचा हिशेब कच्चा असेल, अनेक अर्थतज्ज्ञांना तो पटला नाही. मला मात्र या वादातला कळीचा आकडा तिसराच वाटतो. १९६२मध्येच नियोजन मंडळाच्या एका कार्यगटाने माणशी महिना वीस रुपये हा किमान गरजेचा खर्च धरला होता. दिवसाचा हिशेब केला तर हे साडेदहा आणे होतात. म्हणजे नंदांचे साडेसात आणे मान्य केले तरी सरकारच्याच मापाने ही माणसं किमान गरजेच्या खाली होती. लोहियांनी सरकारला नंदांच्या आकड्यापर्यंत ओढून आणलं, आणि त्यांचे तीन आणे चूक ठरले तरी मुद्दा तिथेच सिद्ध झाला.

या वादाने दारिद्र्य मोजणं हा राजकीय विषय झाला. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने सरासरीऐवजी उतरंडीच्या कोणत्या पायरीवर किती खर्च होतो हे दाखवलं. ग्रामीण भागातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के लोकसंख्या पोटापुरत्या खर्चाच्या खाली असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. ज्या गोखल्यांनी शिलकीवर बोट ठेवलं त्यांच्याच नावाच्या संस्थेतून हे यावं, याचं आम्हा पुणेकरांना जरा जास्तच कौतुक आहे. आण्यांचं भांडण त्यानंतरही संपलं नाही. २०११मध्ये नियोजन मंडळाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ रुपये अशी रेषा सांगितली, तेव्हा विरोधी बाकांवर भाजप होता आणि त्याने काँग्रेसला जवळपास लोहियांच्याच शैलीत धारेवर धरलं.

१९६५-६६ हे खरंखुरं घसरणीचं वर्ष. पाऊस दगा देऊन गेला, पाकिस्तानशी युद्ध झालं, परकीय मदत थांबली. पाठोपाठ दुसऱ्या वर्षीही दुष्काळ. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांवर गेला. सरकारी गुंतवणूक आटल्याने अवजड उद्योगांच्या ऑर्डर थांबल्या, कारखान्यांत कामगारकपात सुरू झाली. पंचवार्षिक योजनाच तीन वर्षं सुट्टीवर गेली. लोकसभेत मधू लिमये, नाथ पै यांच्यासारखे संसदपटू सरकारला नियमांच्या पुस्तकाने बेजार करत होते. हा मराठी संसदीय परंपरेचा बहराचा काळ. लिमये पुण्याचे पण निवडून आले बिहारमधल्या मुंगेरमधून, यावर आज विश्वास बसत नाही. १९६७च्या निवडणुकीत काँग्रेसच्या हातून अनेक राज्यं गेली.

१९७२-७३मध्ये पुन्हा उत्पादन घटलं आणि या वेळी होरपळ महाराष्ट्रात होती. सलग तिसरं वर्ष कोरडं गेलं. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसं खडी फोडायला, पाझर तलाव आणि रस्ते बांधायला दुष्काळी कामांवर होती. मुंबईत रॉकेल, तेल, धान्य गायब झालं होतं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या डाव्या-समाजवादी पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि महागाईविरोधात लाटणं हातात घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणालताई १९७२मध्ये विधानसभेवर निवडून आल्या होत्या, त्यामुळे सकाळी मोर्चा आणि दुपारी सभागृहात जाब अशी दोन्ही टोकं एकाच व्यक्तीच्या हाती होती. थाळ्यांचा आवाज मंत्र्याच्या दारात पोचतो, पण विधिमंडळाच्या कामकाजात शिरला तरच त्याचं लेखी उत्तर मिळतं, हे त्या पिढीला चांगलं ठाऊक होतं.

त्या दुष्काळातून जे टिकलं ते म्हणजे रोजगार हमी. कल्पना काँग्रेसच्या वि. स. पागे यांची, विधान परिषदेच्या सभापतींची. कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. गाजलेल्या मंदीवादांपेक्षा या कायद्याने एक वेगळी गोष्ट केली. मजुराने काम मागितलं की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. कामाची मागणी नोंदवली गेली की तालुक्याच्या कचेरीत आकडा आपोआप तयार होतो. तो दिल्ली-मुंबईच्या कृपेवर अवलंबून राहत नाही. प्रत्यक्षात मागणीचे अर्जच न घेण्याच्या युक्त्या निघाल्या, भत्ता तर क्वचितच मिळाला, पण बेकारी किती हे सांगण्याचं काम पहिल्यांदा बेकाराच्याच हाती गेलं.

१९७२मध्ये केंद्रात अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. सात वर्षांनी तेच लोकसभेत विरोधी पक्षनेते होते आणि ११ जुलै १९७९ रोजी मोरारजी देसाई सरकारवर त्यांनीच अविश्वास प्रस्ताव मांडला. जनता पक्षात फाटाफूट झाली, १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. चरणसिंग पंतप्रधान झाले, चव्हाण उपपंतप्रधान. लोकसभेला सामोरं न जाताच चरणसिंगांनी २० ऑगस्टला राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी सभागृह विसर्जित झालं. इथपर्यंतची गोष्ट राजकारणाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. १९७९-८०मध्ये अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकुंचन पावली. पाऊस पडला नाही, इराणच्या क्रांतीनंतर तेलाचे भाव भडकले. २०२०पर्यंतची ती सर्वांत मोठी घसरण. आणि त्या वर्षाचा मोठा भाग देशात लोकसभाच नव्हती. काळजीवाहू सरकार होतं, पण त्याला रोज अकरा वाजता उभं करून विचारणारं लोकनियुक्त सभागृह नव्हतं. १९६६च्या घसरणीची जेवढी संसदीय नोंद सापडते तेवढी १९७९ची सापडत नाही, त्याचं कारण हे.

१९९१च्या परकीय चलनाच्या अरिष्टात प्रश्न विचारणारे आणि सरकार टिकवणारे एकच होते. चंद्रशेखरांचं सरकार काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभं होतं, पाठिंबा डळमळला आणि पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. मे ते जुलैमध्ये देशाचं सोनं परदेशात गेलं. त्यावर संसदेत खडाजंगी झाली ती नंतर, नरसिंह राव आणि मनमोहन सिंग आल्यावर.

मनमोहन सिंग हे या सगळ्या कथेतलं विलक्षण पात्र आहे, कारण तिन्ही खुर्च्यांवर तेच बसले. अर्थमंत्री म्हणून १९९१मध्ये, पंतप्रधान म्हणून २०१३मध्ये रुपया डॉलरला ६८च्या पार गेला तेव्हा, आणि विरोधी बाकांवरून २०१६मध्ये. २०१३च्या ऑगस्टमध्ये भाजपने त्यांना दोन्ही सभागृहांत सोलून काढलं. विकासदर पाच टक्क्यांच्या खाली गेला, हे विरोधकांचं मुख्य हत्यार होतं. २०१५च्या सुरुवातीला जीडीपी मोजण्याचं आधारवर्ष आणि पद्धत बदलली आणि २०१३-१४चा दर ६.९ टक्के निघाला. तोवर सरकार बदललं होतं. ज्या आकड्यावर निवडणूक लढली गेली तो आकडाच मागाहून बदलला, आणि दोन्ही बाजूंना त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

२४ नोव्हेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीच्या सोळाव्या दिवशी, मनमोहन सिंग राज्यसभेत बोलले. भाषण जेमतेम काही मिनिटांचं. ‘संघटित लूट आणि कायदेशीर लुबाडणूक’ हे शब्द मथळ्यांत गेले. मला महत्त्वाची वाटतात ती दोन साधी विधानं. पहिलं असं की राष्ट्रीय उत्पन्न या निर्णयाने सुमारे दोन टक्क्यांनी खाली येईल. दुसरं सहकारी बँकांबद्दल. ग्रामीण भागाला सेवा देणारं सहकारी बँकांचं जाळं रोकड हाताळण्यापासून अडवलं गेलं आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. १४ नोव्हेंबरपासून रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी घातली होती. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचं खातं याच बँकांत, आणि दिवस सोयाबीन-कापूस विकण्याचे. आधीच्या चार दिवसांत या बँकांत जमा झालेल्या जुन्या नोटा रिझर्व्ह बँकेने स्वीकारायला पुढचा जून उजाडला.

दोन टक्क्यांचं भाकीत खरं ठरलं का? इथेही आकडाच घसरडा निघाला. सरकारी सुधारित अंदाजांत नोटाबंदीच्या वर्षाचा, म्हणजे २०१६-१७चा, विकासदर आठ टक्क्यांच्या वर गेला. नंतर तो घसरत घसरत २०१९-२०मध्ये चार टक्क्यांच्या आसपास आला. सरकारने पहिल्या आकड्याकडे बोट दाखवलं, विरोधकांनी शेवटच्या. किती नोटा परत आल्या हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात विचारला गेला आणि मोजणी चालू आहे असं उत्तर मिळत राहिलं. ९९.३ टक्के नोटा परत आल्याचं कळलं ते ऑगस्ट २०१८मध्ये, रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालातून. पंतप्रधानांनी मनमोहन सिंगांना सभागृहात जे उत्तर दिलं ते फेब्रुवारी २०१७चं, रेनकोट घालून आंघोळ करण्याच्या कलेबद्दलचं. काँग्रेसने सभात्याग केला. हिशेब तिथेच राहिला.

२०१९ उजाडलं तेव्हा आकडे मिळण्याचीच वानवा झाली होती. बेरोजगारी ६.१ टक्के दाखवणारी पाहणी अडवली गेल्याच्या आरोपावरून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगातून पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी जानेवारीत बाहेर पडले. पाहणी जाहीर झाली ३१ मे रोजी, निवडणूक होऊन नवं सरकार शपथ घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी. नोव्हेंबरमध्ये घरगुती खर्चाची २०१७-१८ची पाहणी सरकारने रद्दच केली. लोहियांच्या वादाला ज्या पाहणीने अभ्यासाचा पाया दिला, तीच ही मालिका. २७ नोव्हेंबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितलं की वाढ मंदावली असेल, पण ही मंदी नाही आणि कधीच येणार नाही. दोन दिवसांनी तिमाही आकडा आला, साडेचार टक्के.

पुढच्या आठवड्यातला लोकसभेतला प्रसंग सगळ्यांना आठवतो, पण अर्धवट. पुरवणी मागण्यांवरच्या चर्चेत बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी कांद्याचा विषय काढला. कांदा पिकवणारा शेतकरी लहान आहे, त्याला संरक्षण हवं, उत्पादन का घटलं आणि इजिप्तचा कांदा का आणावा लागतोय, असे त्यांचे प्रश्न होते. सीतारामन उत्तर देत असताना दुसऱ्याच कुणीतरी मध्ये विचारलं की तुम्ही इजिप्तचा कांदा खाता का. त्यावर आपल्या घरात कांदा-लसूण फारसा खात नाहीत, हे त्यांचं वाक्य आलं आणि ते देशभर फिरलं. सभागृहात हशा झाला, मोबाइलवर विनोद झाले. लागवडीखालचं क्षेत्र किती घटलं, साठा किती, आयात कधी पोचणार याबद्दल त्या जे बोलल्या त्याकडे कोणी पाहिलं नाही. नाशिक-लासलगावकडच्या माणसाला मात्र विनोदापेक्षा तीच माहिती हवी होती. चिदंबरम १०० हून अधिक दिवसांनी जामिनावर सुटले आणि दुसऱ्याच दिवशी, ५ डिसेंबरला, संसदेबाहेर कांद्याच्या निदर्शनात उभे राहिले.

मग करोना आला. २३ मार्च २०२० रोजी संसद स्थगित झाली ती १४ सप्टेंबरपर्यंत भरलीच नाही. मधल्या काळात टाळेबंदी, मजुरांची पायपीट, आणि ३१ ऑगस्टचा आकडा: एप्रिल ते जून तिमाहीत २३.९ टक्क्यांची घट. चारच दिवस आधी अर्थमंत्र्यांनी जीएसटी परिषदेनंतर या संकटाला देवाची करणी म्हटलं होतं. २ सप्टेंबरला कळलं की येत्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास असणार नाही आणि शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडण्याची वेळ, अर्ध्यावर येईल. हा तास याआधी १९६२च्या युद्धात आणि आणीबाणीत बंद ठेवला गेला होता. तेव्हाची कारणं निदान युद्ध आणि दडपशाही अशी उघड होती. या वेळी संसर्गाचं कारण सांगितलं गेलं, पण त्याच सभागृहात त्याच दिवसांत शेतीविषयक विधेयकं मंजूर झाली.

हा केवळ दिल्लीचा दोष नव्हता. मुंबईत तीन पक्षांच्या आघाडीचं सरकार होतं आणि भाजप विरोधी बाकांवर. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन दोन दिवसांत गुंडाळलं गेलं, डिसेंबरचंही दोनच दिवस आणि तेही नागपूरऐवजी मुंबईत. देवेंद्र फडणवीस तेव्हा जी तक्रार करत होते तीच दिल्लीत काँग्रेस करत होती.

लेखी प्रश्न मात्र चालू ठेवले होते, आणि त्यातून काय निघालं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्याच दिवशी कामगारमंत्री संतोष गंगवार यांच्या उत्तरात एक कोटी चार लाखांवर स्थलांतरित मजूर गावी परतल्याचं आलं. वाटेत किती मेले याची नोंद ठेवलेली नाही, म्हणून भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही, असंही आलं. त्याच आठवड्यात राज्यसभेत तृणमूलचे डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी लेखी उत्तर दिलं की श्रमिक रेल्वेगाड्यांत ९७ जणांचा मृत्यू झाला. महामारीच्या नावाखाली लोकशाहीची हत्या चालली आहे, असं हेच ओब्रायन काही दिवसांपूर्वी म्हणाले होते. त्या टीकेने सरकार हललं नाही. छापील फॉर्मवर दिलेल्या प्रश्नाने ९७ हा आकडा बाहेर काढला.

जुलै ते सप्टेंबर तिमाहीतही घट झाली आणि देश तांत्रिकदृष्ट्या मंदीत गेला. हिवाळी अधिवेशन झालंच नाही. २०२०मध्ये संसद एकूण ३३ दिवस बसली. प्रश्नोत्तराचा तास जानेवारी २०२१च्या अखेरीस सुरू झालेल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात परत आला. वर्षाची घट आधी ७.३ टक्के सांगितली गेली, नंतर ती सुधारून ६.६ आणि पुढे ५.८ झाली. असंघटित मजुरांची देशव्यापी नोंदणी ऑगस्ट २०२१मध्ये ई-श्रम पोर्टलवर सुरू झाली, तीही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. रस्त्यावर मेलेल्यांचा आकडा त्या पोर्टलवर नाही.